एकाच ढिगातलं सूप

जग बिघडलंय, याबद्दल रनाळे गावात दोन मतं नाहीत. रोज सकाळी मारुतीच्या ओट्यावर पाच-सहा म्हातारे जमतात आणि कोण कसं बिघडलं याची उजळणी करतात. दुधात पाणी, खतात माती, मास्तरांचं लक्ष मोबाइलमध्ये, पोरांना मोठ्यांची लाज नाही. या बैठकीत दगा नावाच्या म्हाताऱ्याचा आवाज सगळ्यात मोठा. "जमाना बिघडी गया," असं म्हणून तो चहाचा शेवटचा घोट घेतो, कागदी कप ओट्यामागच्या गटारीत टाकतो आणि जेवायला घरी जातो. पंधरा वर्षांत या क्रमात फरक पडलेला नाही.

दगाची बायको रंजनाबाई या विषयावर कधी बोलली नाही. तिला मत नव्हतं असं नाही. पण बिघाड नेमका केव्हा सुरू झाला आणि कुणी केला, हे ओट्यावर कुणालाच सांगता येत नसे. रंजनाबाईला मात्र, निदान एका जागेपुरता, तो दिवसही ठाऊक होता आणि ते नावही. अशा माणसाला भाषण करणं जड जातं.

ती जागा म्हणजे गावाबाहेरची हेमकांत शेठची पथारी. नंदुरबारकडे ओली लाल मिरची विकायला येते, व्यापारी ती घेतात आणि मोकळ्या रानात पसरून वाळवतात, त्या रानाला पथारी म्हणायचं. दिवाळीनंतर सुरू होते, होळीच्या आत उठते. वाळलेली मिरची बाया निवडतात. लाल मिरची एकीकडे, आणि ऊन-दव लागून पांढरी पडलेली, रंग उडालेली ती दुसरीकडे. या पांढऱ्या मिरचीला फटकी म्हणतात. तिला ना रंग, ना चव, नुसता खोकला. ओल राहिलेली असली तर तिच्या पोटात बुरशीही धरते. चांगल्या ढिगात ती गेली की ढिगाचं नाव गेलं. रंजनाबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासून फटकी वेचते आहे. आता ती तिथली मुकादमीण आहे, चाळीस बाया तिच्या हाताखाली असतात, आणि तिला तिखटाची शिंक येत नाही.

पोत्याचं तोंड शिवायचं कामही तिचंच. दाभणानं सुतळीचे टाके घालून ती शेवटी दुहेरी गाठ मारायची आणि गाठीत लाल लुगड्याची एक चिंधी अडकवायची. का, ते तिलाच माहीत. पण बाजारात जुने व्यापारी पोतं न उघडता नुसती चिंधी बघून माल उचलायचे. हे तिला कुणीतरी सांगितलं तेव्हा ती दोन दिवस फार खुशीत होती.

हेमकांत शेठ मूळचा तापीकाठचा गुजर शेतकरी, नंतर व्यापारात उतरलेला. बोलायला तुसडा, पण एक रीत त्यानं पथारीवर पहिल्या वर्षापासून घातली होती. होळीच्या आदल्या दिवशी, पथारी उठताना, शेवटचा ढीग तसाच ठेवायचा. तोच बाजारात जाणार असायचा. त्यातून आधी प्रत्येक बाईनं घरच्या वर्षाच्या तिखटासाठी तीन सुपं मिरची न्यायची. मात्र डोळ्यांवर पदर ओढून. सूप ढिगात खुपसायचं आणि येईल ते पदरात घ्यायचं, निवडायचं नाही. पहिलं सूप शेठच्या घरचं. तो स्वतः टोपी डोळ्यांवर ओढून भरायचा. टोपीआड डोळे झाकून सूप घेऊन चाचपडणारा शेठ बघून बाया पदराआड हसायच्या. मग मुकादमिणीचं, मग बाकीच्यांचं. पथारीवर देखरेखीला माणूस कधी ठेवावाच लागला नाही. जी फटकी आज आळसानं ढिगात राहील, ती उद्या आपल्याच कालवणात यायची, एवढं प्रत्येकीला कळत होतं.

मग दामिनीचं लग्न झालं. रंजनाबाईची ही एकुलती एक लेक, नवापूरला दिली. पहिल्याच वर्षी तिची सासू म्हणाली, "तुन्ही माय मिरचीमा ऱ्हास, मंग यंदा तिखट तठलंच आनजो." यात टोमणा होता की कौतुक, हे रंजनाबाईला आजवर कळलेलं नाही. पण तिला घोर लागला. तीन सुपांत आंधळेपणानं काय येईल त्याचा भरवसा काय? चाळीस बायांचे हात, चुकून चार फटक्या राहतातच. त्या नेमक्या विहिणीच्या ताटात गेल्या तर?

त्या वर्षी माघातल्या एका दुपारी, बाया जेवायला लिंबाखाली गेल्या असताना, रंजनाबाईनं पाच-सात किलो मिरची एकेक बघून निवडली. लांब, सुरकुतलेली, गर्द लाल. फडक्यात बांधून तिनं गाठोडं रिकाम्या पोत्यांखाली सरकवलं. मान वर केली तर समोर धनुबाई उभी, पाण्याची कळशी घेऊन. धनुबाई तिच्याच गल्लीतली, वीस वर्षांची सोबतीण. तिनं पोत्यांकडे एकदा बघितलं आणि कळशी ठेवून निघून गेली. होळीच्या आदल्या दिवशी रंजनाबाईनं सगळ्यांसारखा डोळ्यांवर पदर ओढला आणि तीन सुपं भरली. गाठोडं आधीच घरी पोचलं होतं. सूप हातात धरून डोळे झाकताना तिला इतकी लाज वाटली की तिनं पदर जरा जास्तच खाली ओढला. लोकांना ते भाविकपणाचं वाटलं.

पुढच्या वर्षी धनुबाईचं गाठोडं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी पाच जणींची होती. मग सगळ्यांचीच. कुणी कुणाला हटकलं नाही, कारण प्रत्येकीचं गाठोडं पोत्याखाली होतं आणि ज्याचं त्याचं घर ज्याला त्याला प्यारं असतं. आपल्या घरचं तिखट आधीच बाजूला निघाल्यावर ढिगाची काळजी कोण करणार? फटकी राहू लागली. आधी चुकून राहायची, मग चालवून घेतली जाऊ लागली. शेठचे गुडघे गेले, तो तापीकाठच्या घरी खाटेवर बसला आणि त्याचा मुलगा हेमराज पथारी बघू लागला. हेमराज नाशकात शिकलेला, वागायला गोड. त्यानं गाठोडी बघितली, सुपाचं नाटक बघितलं आणि दोन्हींवर शहाणपणानं तोडगा काढला. सूप बंद. त्याऐवजी होळीला प्रत्येक बाईला बाहेरून आणलेल्या तिखटाचे दोन पुडे. त्याच्या स्वतःच्या घरची मिरची त्याची बायको प्रतिभा येऊन वेगळ्या टोपलीतून निवडून नेई. आणि ढिगाचं म्हणाल, तर पोत्यात वरचा हातभर थर लाल, खाली काय असेल ते. गाठोडी मात्र बंद झाली नाहीत.

यात कुणी चोरी केली नाही. कुणी कुणाला फसवायचं म्हणून फसवलं नाही. प्रत्येकीनं फक्त आपलं घर नीट ठेवलं. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना जो जमाना बिघडलेला दिसतो, तो बहुधा असाच बिघडत असावा. पण त्यांना हे सांगायला गेलं तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतील.

रंजनाबाई पोती शिवत राहिली. चिंधी अडकवायची सवय हाताला होती, हात ती अडकवत राहिले. अशी दहा वर्षं गेली.

गेल्या वर्षी पौषात एका सकाळी दामिनीचा फोन आला. दामिनीनं नवापूरला दहा बायांचा बचतगट काढला होता. मिरची कांडायचं यंत्र घेतलं होतं, मसाला विकायचा होता. पहिला माल कुठून घ्यायचा यावर गटात बराच खल झाला. दामिनीनं व्यापाऱ्याच्या गोदामात एक पोतं बघितलं, त्याच्या तोंडाशी लाल चिंधी होती. ती सगळ्यांना म्हणाली, हे न उघडता घ्या, ही माझ्या आईची गाठ आहे.

फोनवर दामिनीचा आवाज अगदी साधा होता.

"माय, गाठ तुन्हीच शे. पन खालनी मिरची पांढरी शे. कुबट वास येस."

"किती?" रंजनाबाईनं विचारलं.

"निम्मं पोतं."

रंजनाबाईनं त्या दिवशी पथारीवर येत नसल्याचा सांगावा धाडला आणि पॅसेंजरनं नवापूर गाठलं. गटाचं काम गटातल्याच एस्तेरच्या घराच्या पडवीत चालायचं. एस्तेर गुजरात सीमेलगतच्या डोंगरातल्या गावातून आलेली, चर्चमध्ये जाणारी, चाळिशीची बाई. घरी ती तिकडच्या कोकणी आदिवासींची बोली बोलते आणि दामिनीशी शाळेतली मराठी. तिनं रंजनाबाईला पाट दिला, चहा दिला आणि पोतं पडवीत ओतलं. एवढंच. एक शब्द लागेल असा बोलली असती तर रंजनाबाईला सोपं गेलं असतं.

तिघी निवडायला बसल्या. रंजनाबाईचे हात आपोआप चालले. दुपारपर्यंत दोन ढीग झाले, आणि फटकीचा ढीग मोठा निघाला. काही मिरच्या बोटांत फुटत होत्या आणि आतून हिरवट भुकटी उडत होती. एस्तेरनं नाकाला पदर लावला.

"आम्ही न उघडता घेतलं," ती शांतपणे म्हणाली. "पुढच्या वेळी उघडून बघू. तुमची काही चूक नाही, मावशी. सगळीकडे असंच चाललंय."

सगळीकडे असंच चाललंय. हेच वाक्य रोज सकाळी तिचा नवरा ओट्यावर म्हणत असे, आणि रंजनाबाईला ते ऐकून कधी काही वाटलं नव्हतं. आज परक्या बाईनं माया करून म्हटलं, तर तिला जमीन दुभंगावी असं झालं.

निघताना दामिनी स्टेशनापर्यंत आली. गाडीला वेळ होता. बाकावर बसून दामिनी आपल्या नखांतलं तिखट काढत होती.

"तू दरसाल मन्हाकरता जी मिरची धाडस," ती म्हणाली, "तीमा एक बी फटकी नही ऱ्हात. माले वाटे का, ढीग एकच शे."

  लेकीचा घास चांगला व्हावा म्हणून रंजनाबाईनं जे केलं होतं, त्यानंच लेकीची मान दहा बायांत खाली गेली होती.

परत आल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर भाषण. आपल्याकडे सुधारणा बहुधा तिथूनच सुरू होते. आठ दिवस ती बायांच्या मागे लागली. नीट निवडा, लोकांच्या पोटात जातं, देव बघतो. बाया "हा माय, हा माय" म्हणायच्या. ती दुसऱ्या वाफ्याकडे गेली की तेच हात, तोच ढीग. नवव्या दिवशी तिला स्वतःच्याच आवाजात दगाचा आवाज ऐकू आला आणि ती बोलायची थांबली.

तिचं त्या वर्षीचं गाठोडंही तोवर तयार होतं. पोत्यांखाली नेहमीच्या जागी. दामिनीसाठी सात किलो, एकेक बघून निवडलेली.  सोडून द्यावं तर लेकीला वर्षाचं काय देणार? आणि ठेवावं तर कुठल्या तोंडानं बायांना शिकवायचं? चूक सुधारायची तर ती आधी चाळीस जणींसमोर कबूल करावी लागणार होती. जिनं दहा वर्षं मुकादमकी केली, तिनं आपल्याच हाताखालच्या बायांना सांगायचं की पहिली चोरटी मी. यापेक्षा पथारी सोडून घरी बसणं सोपं होतं, आणि तेही तिनं दोन रात्री मनात घोळवून पाहिलं.

होळीच्या आदल्या दिवशी हेमराजनं टेबल मांडलं, त्यावर पुडे रचले. शेवटचा ढीग पोत्यात भरायला तयार होता. बाया रांगेत उभ्या राहू लागल्या. रंजनाबाई घरून सूप घेऊन आली होती. ते जुनं, शेणानं सारवलेलं सूप बघून दोन-तीन जणी हसल्या.

"पुडा राहू दे, भाऊ," ती हेमराजला म्हणाली. "मी ढीगमाईन लिसू."

हेमराज गोड हसला. "काकू, आता कोण सूप भरतं? पुड्यात तयार तिखट आहे, दळायची कटकट नाही. बाबांचा काळ वेगळा होता."

"मना करी ऱ्हायनात का?"

"मना कशाला करू? घ्या की."

तिनं आधी पोत्यांखालून गाठोडं काढलं. सगळ्या बघत होत्या. ते तिनं ढिगाजवळ आणलं, गाठ सोडली आणि सातही किलो मिरची ढिगावर ओतली. मग हातानं ती ढिगात कालवून टाकली, कुठे गेली ते कळू नये म्हणून. आणि बायांकडे तोंड केलं.

"सूपनी रीत कोनी मोडी, तुम्हले माहित शे का?" ती म्हणाली. "मी मोडी. दामिनीनं लगन झायं तव्हय. चांगली चांगली निवडी लिधी, दपाडी ठेवी, आनि मंग डोया झाकीसन सूप बी भरं. तुम्हनी गाठोडी नंतरन्या शेतस. पहिलं मन्हं."

 हेमराज पुड्यांची रास सरळ करू लागला. रांगेतून धनुबाईचा आवाज आला, चढा नाही, पडका नाही.

"माले माहित शे. मी देखं व्हतं."

"मंग बोलनी का नही?"

"कशी बोलसू? माले बी लेवानी व्हती."

रंजनाबाईनं मान हलवली. तिला राग आला नाही, उलट तीस वर्षांच्या सोबतिणीचं इतकं खरं बोलणं पहिल्यांदाच कानावर आलं म्हणून बरं वाटलं. तिनं डोळ्यांवर पदर ओढला, सूप ढिगात खुपसलं आणि भरून बाहेर काढलं. तीन वेळा. पदर वर केला तेव्हा सुपात निम्मी फटकी होती. तिच्याच देखरेखीखाली निवडलेला ढीग, त्यात वेगळं काय येणार होतं? तिनं एकही मिरची न वेचता सूप पिशवीत रिकामं केलं.

तिच्या मागे कुणी सूप भरलं नाही. बायांनी पुडे घेतले, पोत्यांखालची गाठोडी घेतली आणि घरी गेल्या. पोती शिवताना रंजनाबाईनं दुहेरी गाठ मारली, पण चिंधी एकातही अडकवली नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी धनुबाई दारात आली. बगलेत गाठोडं होतं.

"अर्धी तुन्ही दे," ती म्हणाली, "अर्धी मन्ही ले. दोन्ही घर सारखं खाऊत."

रंजनाबाईचे डोळे भरून आले. तरी तिनं मान हलवली. "नको. तुन्ही तुले राहू दे. पुढला साल सूप लई ये."

चैत्रात तिनं ती मिरची कांडली. तिखटाचा रंग विटकरीसारखा झाला. दगानं पहिल्याच जेवणात ताट पुढे सरकवलं.

"हाई काय तिखट शे? ना रंग, ना चव. बठा जमानाच..."

"हाई त्याच जमानानं तिखट शे," रंजनाबाई म्हणाली. "खाई ल्या."

दगा ठसकत जेवला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्यानं भेसळीचा विषय काढला, पण मिरची कुठून आली हे कुणी विचारलं तेव्हा पाणी प्यायला उठला. वर्षभर त्या घरात तेच तिखट खाल्लं गेलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दामिनी माहेरी आली. गल्लीत लिंबाला झोके बांधले होते, लेकी-सुना गाणी म्हणत होत्या. जायच्या दिवशी रंजनाबाईनं नेहमीसारखी मिरचीची पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिच्या सुपातली अर्धी मिरची तिनं न कांडता लेकीसाठी ठेवली होती. पोटच्या पोरीच्या हातात हे द्यायचं तिच्या फार जिवावर आलं होतं. आदल्या दिवशी दोनदा तिनं पिशवी उघडली होती आणि दोनदा एकही फटकी न काढता बांधली होती.

दामिनीनं पिशवीत हात घातला. पांढऱ्या मिरच्यांची मूठ वर आली. तिनं आईकडे बघितलं.

"हाई त्या ढीगमाईन शे?"

"हा. तूच बोलनी व्हती, तुले वाटे ढीग एकच शे."

दामिनीला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाही कळलं नसावं. तिनं मूठ परत पिशवीत सोडली, तोंड घट्ट बांधलं आणि पिशवी आपल्या सामानात कपड्यांच्या वर ठेवली. सासरी तिनं ती दोघींना दाखवली, सासूला आणि एस्तेरला. सासू काय म्हणाली ते दामिनीनं आईला सांगितलं नाही. एस्तेरनं चार फटक्या हातात घेऊन उलटसुलट केल्या आणि विचारलं, "हे त्यांनी स्वतःच्या घरी पण खाल्लं?" दामिनी म्हणाली, खाताहेत.

यंदा दिवाळीनंतर पथारी लागली. पहिल्याच दिवशी धनुबाई सूप घेऊन आली आणि होळीला अजून चार महिने असताना ते तिनं सगळ्यांना दिसेल असं लिंबाच्या फांदीला टांगलं. महिनाभरात तिथे सात सुपं झाली. चाळिसांतली सात. बाकीच्या तेहतीस जणींची गाठोडी पोत्यांखाली होतीच, आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही. या सात जणींनी आपला ढीग मात्र वेगळा धरला. त्या हळू निवडायच्या. एक मिरची हातात घेऊन थबकायच्या, उजेडात धरायच्या. हेमराज दोनदा म्हणाला, की इतका वेळ लावला तर काम कधी उरकायचं. रंजनाबाई म्हणाली, "होईन, भाऊ." तिसऱ्यांदा तो म्हणाला नाही.

सात जणींच्या ढिगाची पोती निघाली तेव्हा तिनं लाल चिंधी पुन्हा बाहेर काढली. तेवढ्याच पोत्यांना अडकवली, बाकीची नुसती शिवली. हेमराजनं विचारलं, काही पोत्यांना चिंधी आणि काहींना नाही, असं का? तिनं सांगितलं, ज्याला आहे त्यातली मिरची मी खाणार आहे. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग प्रतिभाची टोपली भरायला ठेवली होती तिकडे त्याची नजर गेली, आणि तो फोन आल्यासारखं करून बाजूला गेला.

पौषात दामिनीच्या गटाला पुन्हा माल हवा होता. चिंधीचं पोतं घ्यायचं की नाही यावर बायांनी मत घेतलं. पाच विरुद्ध पाच झालं. एस्तेर म्हणाली, घेऊया, उघडायचं कसं ते मी बघते.

पोतं उघडायचं होतं त्या दुपारी पथारीवर रंजनाबाईचं कामात लक्ष नव्हतं. फोन तिनं कमरेला खोचला होता आणि दर थोड्या वेळानं ती त्यावर हात ठेवून बघायची. धनुबाई शेजारीच बसली होती, तीही निवडता निवडता थांबायची. फोन वाजला तेव्हा सातही जणींचे हात थांबले.

"माय," दामिनी म्हणाली, "एस्तेरनी गाठले हात बी नही लावा. पोतं उलटं कयं आनि खालथीन उसवं."

रंजनाबाईनं डोळे मिटले. पदर ओढायची आठवण राहिली नाही.

"मंग?"

 पलीकडे कपबशीचा आवाज आला, कुणीतरी हसलं, आणि दामिनी म्हणाली, "मंग काही नही. खालनी मिरची बी लाल शे. ती चहा ठेवी ऱ्हायनी. गाठ जपी ठेवनार शे म्हने."

रंजनाबाईनं फोन खोचला आणि बायांकडे बघितलं.  धनुबाईनं तिचा चेहरा बघितला, पुढची मिरची उचलली, उजेडात धरली, आणि फटकी होती म्हणून बाजूला टाकली.